कढया दोन, पदार्थ सहा, दिवस बारा: एमआयपीने खरंखुरं प्लॅनिंग कसं करायचं

सोसायटीला टँकर कधी आणि किती मागवायचे, वॉचमनच्या ड्युट्या कशा लावायच्या, क्लासचं टाइमटेबल, गोडाऊनमधून कुठल्या दुकानाला कुठल्या टेम्पोने माल, हे सगळं मुंबईत रोज कोणीतरी करतच असतं. बहुतेक ठिकाणी ते एका अनुभवी माणसाच्या डोक्यात असतं, आणि तो माणूस गणपतीला कोकणात गेला की सगळ्यांची बोंब. असे प्रॉब्लेम कॉम्प्युटरकडून सोडवून घ्यायची एक जुनी आणि भक्कम पद्धत आहे, मिक्स्ड इंटिजर प्रोग्रॅमिंग, थोडक्यात एमआयपी, म्हणजे नियम समीकरणांत लिहायचे आणि काही आकडे पूर्णांकच हवेत अशी अट घालून सर्वोत्तम उत्तर काढायचं. इंटरनेटवर याचं जे काही सापडतं ते एकतर प्रूफांनी भरलेलं असतं नाहीतर दहा ओळींचा कोड देऊन मोकळं होतं. मधलं जे खरं काम आहे, म्हणजे माणसांच्या तोंडून नियम काढून ते गणितात कसे बसवायचे, त्यावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हा लांबलचक लेख. सॉल्व्हर, म्हणजे हे गणित सोडवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो आणि शेवटची पाच मिनिटं लागतो, त्याच्या आधीचं सगळं तुम्हालाच करायचंय.

उदाहरण म्हणून दादरमधला एक फराळाचा गृहउद्योग घेऊ. आकडे सोयीसाठी गोल केलेत. दिवाळीच्या आधीचे १२ दिवस, पदार्थ सहा: चकली, लसूण चिवडा, शंकरपाळी, करंजी, बेसन लाडू, अनारसे. कढया दोन, चार बायका कायमच्या, गरज पडली तर रोजावर अजून तीन येऊ शकतात (चौथीला उभं राहायला जागा नाही). माल ठाणे, बोरिवली, डोंबिवलीला छोटा हत्तीने जातो. प्रश्न एवढाच की कुठल्या दिवशी काय आणि किती करायचं.

आधी बघू की इंटिजर लागतं कशाला

लोकांना वाटतं की साधं लिनिअर प्रोग्रॅमिंग (हेच गणित, पण पूर्णांकाची अट नाही) करू, अपूर्णांक आले तर राउंड करू, काय फरक पडतो. फरक पडतो. एक छोटं गणित करून बघा. समजा एका संध्याकाळी एक कढई २०० मिनिटं मोकळी आहे आणि हातकामाला २४० मिनिटं आहेत (एक ताई पूर्ण वेळ, दुसरी थोडा वेळ). चकलीच्या एका घाण्याला कढई ४० मिनिटं, हातकाम २५ मिनिटं, सुटतात ४५० रुपये. करंजीच्या घाण्याला कढई ३० मिनिटं, पण भरायला आणि मुरड घालायला ६० मिनिटं, सुटतात ४०० रुपये. इथे घाणा म्हणजे एकदा मळलेल्या पिठाचा पूर्ण लॉट धरा, कढईत एका वेळी सुटणाऱ्या चार चकल्या नव्हेत.

अपूर्णांक चालतील असं धरलं तर उत्तर येतं चकली २.९१ घाणे, करंजी २.७९ घाणे, मिळकत २४२४ रुपये. आता राउंड करा, ३ आणि ३. कढईला लागतात २१० मिनिटं, आहेत २००. गेलं. मग खाली राउंड करा, २ आणि २, बसतं पण मिळकत १७००. आणि पूर्ण घाण्यांचं खरं सर्वोत्तम उत्तर? ५ चकली, ० करंजी, २२५० रुपये. म्हणजे खरं उत्तर राउंड केलेल्या आकड्यांच्या आसपाससुद्धा नाहीये, पार दुसऱ्या कोपऱ्यात बसलंय.

यातच दुसरी गोष्ट पण दिसते. करंजी शून्य? दिवाळीच्या फराळात? दुकानात कोणी उभं करणार नाही. पण आपण तो नियम सांगितलाच नव्हता, मॉडेलला काय माहीत दिवाळी म्हणजे काय. असं विचित्र उत्तर आलं की चिडू नका, बहुतेक वेळा त्यातून एक न लिहिलेला नियम हाती लागतो.

सॉल्व्हर हे शोधतो कसं ते पण याच गणितावर बघून घेऊ, कारण पुढे लॉग (सॉल्व्हर चालताना स्क्रीनवर दाखवतो ती माहिती) वाचताना उपयोगी पडतं. पहिलं अपूर्णांकातलं उत्तर २४२४, म्हणजे पूर्ण घाण्यांचं कुठलंही उत्तर याच्यावर जाऊ शकत नाही. करंजी २.७९ आलीये, तर दोन फांद्या पाडा: करंजी २ किंवा कमी, आणि करंजी ३ किंवा जास्त. पहिल्या फांदीची कमाल मर्यादा येते २३७५, दुसरीची २२८०. पहिल्या फांदीत अजून फोडत गेलं की ५ चकली वालं २२५० सापडतं. आता दुसरी फांदी २२८० म्हणतेय, त्यामुळे ती अजून टाकता येत नाही, तिलाही फोडा: चकली २ किंवा कमी केली तर मर्यादा २१६६ वर घसरते, म्हणजे २२५० च्या खाली, बाद. चकली ३ किंवा जास्त केली तर कढईचा वेळच पुरत नाही, बाद. संपलं, २२५० हेच सर्वोत्तम, आणि हे नुसतं वाटतंय असं नाही, सिद्ध झालंय. याला ब्रँच अँड बाउंड म्हणतात, आइल्सा लँड आणि अ‍ॅलिसन डॉइग या दोघींनी १९६० मध्ये ते मांडलं. आजचे सॉल्व्हर त्याच्यावर वेग वाढवायला कट्स, प्रीसॉल्व्ह, ह्युरिस्टिक अशा बऱ्याच युक्त्या चढवतात, पण सांगाडा तोच.

आकडे गोळा करणं, आणि इथेच जास्त वेळ जातो

लॅपटॉप उघडायच्या आधी एक दिवस जागेवर जाऊन बसा. विचारून मिळालेले आकडे आणि मोजून मिळालेले आकडे यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. संवाद साधारण असा होतो:

"काकू, चकलीच्या एका घाण्याला किती वेळ लागतो?"
"अरे, होतो की अर्ध्या तासात."
"आणि तेल तापायला?"
"ते काय मोजायचं, ते तर तापतंच."

मोबाईलचं घड्याळ लावलं की ४० मिनिटं निघतात. आणि ते "तापतंच", भाजणी मळणं, साचा धुणं, आधीच्या पदार्थाचं तेल गाळणं, हे सगळं मिळून पदार्थ बदलताना ४५ मिनिटं जातात. ही ४५ मिनिटं एका घाण्याला लागत नाहीत, पदार्थ त्या दिवशी हातात घेतला की एकदाच लागतात, मग घाणा एक करा नाहीतर दहा. हा फरक लिहून ठेवा, कारण हो-नाहीचा निर्णय यातूनच जन्माला येतो.

अजून काय विचारायचं: काय कधीच चालत नाही, काय चालतं पण नको वाटतं, आणि मागच्या वर्षी काय फसलं. तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त माहिती मिळते. "रविवारी मेगाब्लॉक होता, कल्याणच्या दोघी साडेअकराला आल्या" हे वाक्य म्हणजे थेट मॉडेलमधला एक आकडा आहे, रविवारचे कामाचे तास कमी धरायचे. "ओल्या नारळाची करंजी दुसऱ्या दिवशी वास मारायला लागली" म्हणजे साठवणुकीची मर्यादा. "जैन लोकांच्या ऑर्डरची शंकरपाळी लसूण चिवड्याच्या दिवशी तळायची नाही" हा एकत्र-नको वाला नियम. वहीत दोन रकाने करा, एकात मोडताच येणार नाहीत असे नियम, दुसऱ्यात मोडले तर नुकसान आहे पण मोडता येतात असे. पहिल्या रकान्यात सुरुवातीला सगळेच नियम जातात, कारण विचारलं की प्रत्येक जण म्हणतो हे तर पाहिजेच. तिथे थोडा वकिली प्रश्न टाकायचा: "समजा नाहीच जमलं तर काय कराल?" उत्तरात काहीही तोडगा आला, की तो नियम दुसऱ्या रकान्यात.

निर्णय काय काय आहेत ते ठरवा

व्हेरिएबल म्हणजे ज्याचा आकडा कॉम्प्युटरने ठरवायचाय तो. आपल्याकडे प्रत्येक पदार्थ आणि प्रत्येक दिवसाच्या जोडीला चार:

घाणे[पदार्थ, दिवस]: पूर्णांक.
लावलं[पदार्थ, दिवस]: ० किंवा १, त्या दिवशी तो पदार्थ हातात घेतला की नाही.
साठा[पदार्थ, दिवस]: दिवसअखेर उरलेले किलो, अपूर्णांक चालतो.
कमी[पदार्थ, दिवस]: जेवढं कमी पडलं ते, म्हणजे बाहेरून विकत आणून भागवावं लागलं ते किलो.

शिवाय दिवसागणिक जादा बायका, टेम्पोच्या फेऱ्या, आणि अनारशाचं पीठ किती घाण्यांचं भिजवलं, हे तीन पूर्णांक. सहा पदार्थ गुणिले १२ दिवस म्हणजे ७२ जोड्या, चार चार करून २८८, अधिक ३६, एकूण ३२४. एक्सेलबरोबर येणाऱ्या सॉल्व्हरची मर्यादा २०० व्हेरिएबलची आहे, त्यामुळे तिथे हे बसणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो. आणि नुसते ते ७२ हो-नाही घेतले तरी २ चा ७२ वा घात, म्हणजे ४७ वर वीस शून्यं इतके प्लॅन होतात. सेकंदाला १०० कोटी प्लॅन तपासले तरी दीड लाख वर्षं लागतील. फांद्या छाटण्याचं महत्त्व इथे कळतं.

काय पूर्णांक ठेवायचं आणि काय नाही यात थोडी अक्कल वापरा. घाणे दिवसाला ३-४ असतील तर पूर्णांकच हवा. पण मोठ्या कारखान्यात एखादी गोष्ट दिवसाला ८०० नग होत असेल तर ती अपूर्णांक ठेवा, ८००.४ चं ८०० केल्याने काही बिघडत नाही आणि सॉल्व्हरचं ओझं बरंच कमी होतं.

नियम लिहिणं

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा, साठ्याचा हिशोब:

कालचा साठा + (घाणे × घाण्याचं वजन) + कमी = आजची मागणी + आजचा साठा

हे समीकरण प्रत्येक पदार्थाला, प्रत्येक दिवशी. याच्यामुळे दिवस एकमेकांना जोडले जातात, हे नसेल तर तुमच्याकडे १२ वेगवेगळी गणितं आहेत, प्लॅन नाही.

कामाचे तास: सगळ्या पदार्थांची बेरीज (घाणे × हातकाम + लावलं × ४५ मिनिटं) ही त्या दिवशीच्या कायम बायकांचे तास अधिक ८ तास गुणिले जादा बायका यापेक्षा जास्त नको. कायम चौघींचे ३२ तास, रविवारी कमी. कढईचा हिशोबही असाच, दोन कढया प्रत्येकी ९ तास म्हणजे १०८० मिनिटं. इथे एक युक्ती आहे, पहिली कढई आणि दुसरी कढई असे वेगळे व्हेरिएबल करू नका. दोन्ही सारख्याच असतील तर "चकली पहिलीत, लाडू दुसरीत" आणि उलट हे एकच प्लॅन आहेत, पण सॉल्व्हर बिचारा दोन्ही वेगळे समजून तपासत बसतो, आणि पाच सारखे टेम्पो, वीस सारखे वॉचमन झाले की मॉडेल अक्षरशः अडकतं. एकत्र मिनिटं धरा. (हे थोडं ढोबळ आहे, एक घाणा अर्धा या कढईत अर्धा त्या कढईत करता येत नाही, म्हणून १०८० ऐवजी १०४० धरा आणि पुढे चला.)

आता हो-नाहीला घाण्यांशी बांधायचं. लावलं शून्य असेल तर घाणे शून्यच हवेत:

घाणे[चकली, ३] ≤ २७ × लावलं[चकली, ३]

हा २७ आला कुठून? कढईचे मूळ १०८० भागिले ४०. पुस्तकांत इथे "बिग एम" म्हणून कुठला तरी मोठा आकडा लिहा असं सांगतात, आणि लोक १०,००० किंवा १० लाख टाकून मोकळे होतात. नव्याने शिकणाऱ्यांची मॉडेलं सगळ्यात जास्त इथेच आजारी पडतात, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

समजा पदार्थ हातात घेण्याचा खर्च ३०० रुपये आणि ५ घाणे करायचेत. सॉल्व्हर सुरुवातीला अपूर्णांक चालतील असं धरतो हे आपण बघितलं. एम १०,००० असेल तर त्याला लावलं फक्त ०.०००५ ठेवून भागतं, म्हणजे ३०० रुपयांच्या जागी त्याच्या हिशोबात १५ पैसे येतात. सगळे पदार्थ रोज लावा, फुकटच आहे, असं त्याला वाटतं, त्याची मर्यादा खऱ्या खर्चाच्या खूप खाली राहते आणि फांद्या छाटल्याच जात नाहीत. एम २७ असेल तर लावलं निदान ०.१८५, खर्च साधारण ५५ रुपये. अजूनही ३०० नाही, पण १५ पैशांपेक्षा किती बरं. करंजीची राहिलेली सगळी मागणीच ८ घाण्यांची असेल तर तिथे एम ८ टाका, कढई कितीही मोकळी असली तरी.

दुसरा धोका अजून वाईट. सॉल्व्हर पूर्णांक तपासताना थोडी सूट देतो, साधारण ०.००००१ ते ०.०००००१ इतकी. एम १० लाख असेल आणि लावलं ०.००००१ असेल तर त्याच्या लेखी ते शून्यच, पण १० लाख गुणिले ०.००००१ म्हणजे १०. अख्खे १० घाणे पदार्थ न लावता निघतात! प्लॅनमध्ये "चकली: नाही" आणि खाली "चकली १० घाणे" असं दिसलं की समजायचं एम फुगलाय.

बाकीचे नियम याच भाषेत पटापट लिहिता येतात. लावलंच तर निदान दोन घाणे: घाणे ≥ २ × लावलं. दिवसाला तीनच पदार्थ: त्या दिवशीच्या सगळ्या लावलं ची बेरीज ≤ ३. जैन ऑर्डरवाला नियम: लावलं[लसूण चिवडा] + लावलं[शंकरपाळी] ≤ १. चकलीचं मशीन भाड्याने आणलं तरच दिवसाला १२ च्या वर घाणे: घाणे[चकली, दिवस] ≤ १२ + १५ × मशीन, जिथे मशीन हा पूर्ण सीझनसाठी एकच हो-नाही. टेम्पो: त्या दिवशी जाणारे खोके ≤ १२० × फेऱ्या. फेरी अर्धी नसते, १२१ वा खोका दुसरी फेरी मागतो, आणि म्हणूनच प्लॅन कधीकधी सात-आठ खोके आदल्या दिवशीच्या फेरीत कोंबतो. माणूस पण हेच करतो, फक्त त्याला ते सगळ्या दिवसांसाठी एकदम जमत नाही.

टिकण्याची मर्यादा लिहायला अवघड वाटते, कारण साठ्यातला कुठला किलो कधीचा हे आपण ठेवलेलं नाही. पण जुना माल आधी द्यायचा असं धरलं तर साधा उपाय आहे: तीन दिवस टिकणाऱ्या पदार्थाचा आजचा साठा हा पुढच्या तीन दिवसांच्या मागणीपेक्षा जास्त असू नये. बस, तेवढंच. ओल्या नारळाच्या करंजीला तीनच्या जागी एक दिवस.

अनारसे मात्र आपला हिशोब मागतात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग कुटून गूळ घालून पीठ मुरवायचं. सगळे मिळून ८ दिवस धरू. मग नियम असा: दिवस ९ पर्यंत केलेले अनारशाचे एकूण घाणे ≤ दिवस १ पर्यंत भिजवलेल्या एकूण पिठाचे घाणे, दिवस १० साठी दिवस २, असं पुढे. "एकूण" हा शब्द महत्त्वाचा, कारण मुरलेलं पीठ त्याच दिवशी संपवायला लागत नाही. आणि सुरुवातीला डब्यात किती मुरलेलं पीठ आहे तो आकडा पहिल्या दिवशी द्यायलाच हवा, नाहीतर पहिले आठ दिवस अनारसे शून्य.

खर्चाचं वाक्य

आता कॉम्प्युटरला सांगायचं की चांगला प्लॅन म्हणजे काय. मी इथे कमीत कमी खर्च धरतो: जादा बाईचा रोज ८००, पदार्थ लावण्याचे ३००, टेम्पोची फेरी १८००, साठवणीचे किलोला दिवसाला २ रुपये, आणि कमी पडलेल्या दर किलोला २५०. मशीनचं भाडंही यातच. शेवटचा २५० हा दंड आहे पण हवेतला नाही, बाहेरून तयार माल आणला तर अंगावर पडणारा फरक अधिक थोडी नाराजी. दंड असा खऱ्या रुपयात ठेवलात तर प्लॅन बघताना माणसांशी बोलता येतं, "या दिवशी ४ किलो चिवडा बाहेरून आणणं जादा बाई बोलावण्यापेक्षा स्वस्त आहे" असं. एक कोटीचा दंड लावला तर हे बोलणंच बंद होतं, आणि एका बाजूला २ रुपये, दुसऱ्या बाजूला एक कोटी असे आकडे एकत्र आले की सॉल्व्हरची आकडेमोडही डळमळते.

तो कमी व्हेरिएबल ठेवण्याचं आणखी एक कारण. तो नसेल आणि मागणी क्षमतेपेक्षा जास्त असेल तर सॉल्व्हर एकच शब्द देतो, इन्फीजिबल (सगळे नियम पाळणारं उत्तरच नाही), आणि तुम्ही डोकं धरून बसता. तो असेल तर कुठल्या दिवशी, कुठला पदार्थ, किती किलो कमी पडतोय हे सरळ दिसतं. तरीही इन्फीजिबल आलंच तर नियमांचे गट एकेक करून बंद करा, कुठला काढल्यावर चालू होतं ते बघा. गुरोबीसारख्या काही सॉल्व्हरमध्ये एकमेकांशी भांडणाऱ्या नियमांचा छोटा संच काढून द्यायची सोय असते, आयआयएस नावाने, ती असेल तर वापराच.

कुठल्या हत्याराने सोडवायचं

पायथन येत असेल तर पल्प (PuLP) ही लायब्ररी सुरुवातीला बरी, तिच्याबरोबर सीबीसी हा फुकट सॉल्व्हर सहसा आधीच येतो. हायस् (HiGHS) हा एडिनबरा विद्यापीठात तयार झालेला ओपन सोर्स सॉल्व्हर मला जास्त आवडतो, सायपाय (SciPy) या पायथन लायब्ररीच्या एमआयएलपी फंक्शनच्या आत पण तोच आहे. स्किप (SCIP) हा सॉल्व्हर बर्लिनच्या झुझे इन्स्टिट्यूटचा. एक्सेल सोडायचं नसेल तर ओपनसॉल्व्हर हे अ‍ॅड-इन बघा, शीट तीच राहते आणि ती २०० ची अट जाते. गुरोबी, सीप्लेक्स, एक्सप्रेस हे पैशाचे, आणि अवघड मॉडेलवर ते फुकटवाल्यांच्या बरेच पुढे आहेत यात वाद नाही, पण फराळाला त्यांची गरज नाही. लॅपटॉप जुना असेल तर गुगलच्या कोलॅबवर (ब्राउझरमध्येच पायथन चालतं) चालवा.

कोड लिहिताना एकच पथ्य पाळा, आकडे कोडमध्ये टाकू नका, शीटमधून वाचा. मागणीचं एक पान, घाण्याच्या वेळांचं एक, दिवसागणिक तासांचं एक. उद्या मेगाब्लॉक जाहीर झाला तर शीटमधला एक आकडा बदलायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही.

आणि एकदम सगळं लिहू नका. एक पदार्थ, दोन दिवस, उत्तर हाताने काढता येईल एवढं आधी. मग एकेक नियम वाढवा. तपासायला तीन चाचण्या मी नेहमी लावतो: सगळी मागणी शून्य केली तर प्लॅन रिकामा आणि खर्च शून्य यायला हवा. जादा बायकांची मर्यादा ३ ची ५ केली तर खर्च कमी होईल किंवा तेवढाच राहील, वाढला तर कुठेतरी चिन्ह उलटं पडलंय, कारण नियम सैल केल्याने सर्वोत्तम उत्तर कधी बिघडत नाही. तिसरी, मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष केलेला प्लॅन मॉडेलमध्ये जसाच्या तसा घालून बघा. मॉडेल म्हणालं की हे अशक्य आहे, पण ते तर घडलंय, तर नियम चुकलाय. ही तिसरी चाचणी लोक करत नाहीत आणि तीच सगळ्यात जास्त पकडते.

लॉग वाचायला शिका

चालू केलं की स्क्रीनवर आकडे पळायला लागतात. त्यातले तीन बघा: आत्तापर्यंत सापडलेला सगळ्यात चांगला प्लॅन, याच्या खाली खर्च जाऊच शकत नाही अशी मर्यादा, आणि या दोघांतलं अंतर म्हणजे गॅप. समजा प्लॅन ४८,६०० चा आणि मर्यादा ४७,४०० ची, तर गॅप साधारण अडीच टक्के. याचा अर्थ दिवसभर चालवलं तरी १२०० रुपयांच्या वर काही वाचणार नाही. मागणीचा अंदाजच पाच-दहा टक्के इकडेतिकडे असताना शेवटचा टक्का पिळत बसण्यात अर्थ नाही, गॅपची मर्यादा १ टक्का आणि वेळेची १० मिनिटं लावून ठेवा.

गॅप हलत नसेल तर दोन वेगळे आजार असतात. प्लॅनचा आकडा बराच वेळ तोच आणि मर्यादा हळूहळू सरकतेय, तर प्लॅन बहुधा चांगलाच आहे, सिद्ध व्हायला वेळ लागतोय. मग एम आवळा, सारख्या वस्तू एकत्र करा. उलट, प्लॅनच सापडत नसेल तर कालचा प्लॅन सुरुवातीचा म्हणून द्या, बहुतेक सॉल्व्हर तो घेतात. मशीन जोरदार घेण्यापेक्षा या दोन गोष्टींनी फार जास्त फरक पडतो. तरी एखादं मॉडेल नाहीच सुटलं तर वाईट वाटून घेऊ नका, ०-१ पूर्णांकांचा प्रश्न १९७२ मध्ये रिचर्ड कार्पने एनपी-कम्प्लीट ठरवलेल्या २१ प्रश्नांच्या यादीत आहे, म्हणजे प्रत्येक वेळी झटपट सोडवेल अशी पद्धत कोणालाच माहीत नाही.

प्लॅन हातात आला, पुढे काय

इथे बरेच हुशार लोक आपटतात. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकरापर्यंत येत राहतात, म्हणून रोज रात्री नवीन मागणी घालून पुन्हा चालवायचं. पण सॉल्व्हरला सवय नसते, दोन किलोची ऑर्डर वाढली म्हणून तो परवाची चकली उद्या आणि उद्याचे लाडू शुक्रवारी करून टाकतो, खर्चात फरक वीस रुपये. बायकांनी बेसन भाजायची तयारी करून ठेवलेली असते, मग कोण ऐकणार तुमचं. दोन उपाय: उद्याचा दिवस गोठवून टाका, म्हणजे त्याचे लावलं चे आकडे कालच्या प्लॅनमधले पक्के करा, आणि पुढच्या दिवसांत कालच्या प्लॅनपेक्षा वेगळं लावलं तर दर बदलाला १५० रुपये वगैरे दंड घाला. प्लॅन एकदम शहाण्यासारखा वागायला लागतो.

१२ दिवसांच्या शेवटी साठा शून्य येणार हे लक्षात घ्या, कारण मॉडेलसाठी तेराव्या दिवशी जग संपतं. भाऊबीजेनंतरही गिऱ्हाईक असेल तर शेवटच्या दिवसाच्या साठ्याला किमान आकडा द्या.

आणि कागद. टेबलावर ३२४ आकड्यांची फाइल नको, भिंतीवर एक पान हवं: आज काय, किती घाणे, कोण जादा येणार, टेम्पो किती वाजता. त्याच्याखाली पेनाने बदल लिहायला जागा सोडा. काकूंनी प्लॅन बदलला तर तो का बदलला ते विचारा, बहुतेक वेळा तिथे अजून एक नियम निघतो.

हाच सांगाडा टँकरला लागतो (साठ्याच्या जागी टाकीची पातळी, घाण्याच्या जागी टँकर), वॉचमनच्या ड्युट्यांना लागतो (लावलं म्हणजे कोण कुठल्या शिफ्टला, आणि रात्रपाळीनंतर लगेच सकाळ नको हा ≤ १ वाला नियम). मिनिटामिनिटाचं शेड्यूल असेल, कोण आधी कोण नंतर असे नियम जास्त असतील, तर एमआयपी फार घाम काढतं, तिथे गुगलच्या ओआर-टूल्स या फुकट लायब्ररीतला सीपी-सॅट हा सॉल्व्हर वापरून बघा. टेम्पोने कुठल्या क्रमाने कुठे जायचं आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली, तर त्याच ओआर-टूल्समध्ये राउटिंगचा वेगळा भाग आहे. आणि पदार्थ दोनच, दिवस तीनच असतील तर कागदावर करा, चहा संपायच्या आत होतं.